खवले मोजता येणारा टीव्ही

आराल, ११ मार्च २०२३

मारलेन,

खुशालीचं नंतर बघू. या महिन्यात तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तू "ताई, गिऱ्हाईक आलंय" म्हणून मला कटवलंस. म्हणून आता कागद घेतलाय. कागद मध्येच ठेवून देता येत नाही. आगगाडीच्या चौथ्या डब्यावर कामाला असलेली साउले गाडीबरोबर अल्माटीला जाते, तिच्या हाती हे पत्र आणि सुक्या माशांची पिशवी देते आहे. आधी पत्र वाच, मग मासे खा. उत्तर तिच्याच हाती दे.

आईला मागच्या आठवड्यात किझिलोर्दाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मोतीबिंदू असेल, कापला की झालं, असं मी धरून चालले होते. तो नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय आणि तो पसरणार आहे. डॉक्टरीण म्हणाली, "मधलं जाईल, कडेचं राहील. हिवाळ्यापर्यंत माणसांचे चेहरे दिसेनासे होतील." आत्ताच ती समोरच्याकडे सरळ बघत नाही, कोंबडीसारखी मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघते. मी रडले. ती नाही रडली. म्हणाली, "गाडीला वेळ आहे, कुठेतरी उबेला बसू."

उबेला म्हणून शेजारच्या टीव्हीच्या दुकानात शिरलो. तिथे भिंतीवर तुमचा तो आठ-के का काय म्हणतात तो लावला होता, पंचाहत्तर इंची. त्यात एक मासा पोहत होता. आई खुर्ची पुढे ओढून बसली आणि बोटानं खवले मोजायला लागली. मग दुकानदाराला म्हणते, "हा तळ्यात पाळलेला आहे. समुद्रातल्या माशाच्या पाठीवर असे खवले नसतात." त्याला पटेना. त्यानं कुठलासा कागद काढून बघितला. मासा खरंच पाळलेला निघाला!

गाडीत बसल्यावर तिनं बूट काढले. मग म्हणाली, "ऊलझान, माशाचे खवले दिसतात त्यात, तर तुझ्या बापाचा चेहरा का नाही दिसणार?"

माझ्या पाठवणीची कॅसेट तुला आठवतच असेल. मोटार फाटकातून निघते तेव्हा कॅमेरा बाबांकडे वळतो आणि बारा सेकंद तिथेच राहतो. बाबांचं हलतंचालतं एवढंच आपल्याकडे आहे. (तू लग्न केलं असतंस तर आणखी एक कॅसेट असती. असो.) बाबांचा हात कपाळाशी आहे. ते म्हणायचे, "मी डोळे पुसत होतो." आई म्हणायची, "उन्हानं डोळ्यांवर हात धरला होतास, तू कुठला रडतोयस." एकवीस वर्षं त्यांचं हे भांडण चाललं आणि ते न मिटवताच बाबा गेले. आईला आता एकदा नीट बघायचंय, डोळे आहेत तोवर.

तू टीव्ही विकतोस. तुला दुकानातून स्वस्तात मिळेल. कधी पाठवतोस ते लिही.

ऊलझान

---

अल्माटी, १९ मार्च

ताई,

मासे आधी खाल्ले, पत्र नंतर वाचलं. खोटं कशाला बोलू.

आईच्या डोळ्यांचं वाचून बरं वाटलं नाही. इथे एक मोठा डॉक्टर आहे, त्याला तिचे कागद दाखवतो. साउलेबरोबर पाठव.

टीव्हीचं म्हणशील तर माझं ऐक, थांबा. मी हा धंदा सोळा वर्षं करतोय. आठ-के म्हणजे आज नुसता तोरा आहे. त्या दर्जाचं चित्र कुठलंच चॅनेल दाखवत नाही. दुकानात दिसतो तो मासा दुकानापुरताच चित्रित केलेला असतो, तो घरी येत नाही. शरद ऋतूत नवीन मॉडेल येतील, मग हीच वस्तू पार खाली येईल. आज घेतलात तर सहा महिन्यांनी हळहळत बसाल. भाऊजींना विचार, बोटीची मोटर घाईत घेऊन काय होतं ते त्यांना ठाऊक आहे.

नौरूझला यायचं बघतो. पण सणाच्या आठवड्यात दुकानातून पाय निघत नाही, तुला माहीतच आहे.

मारलेन

---

आराल, २ एप्रिल

मारलेन,

नौरूझ झाला. तू आला नाहीस. आईनं सात जिनसांची कांजी केली आणि तुझा वाडगा भरून ठेवला. तीन दिवस तो कुणाला उचलू दिला नाही. चौथ्या दिवशी मी कुत्र्याला घातली. कुत्र्याला आवडली.

"थांबा" म्हणे! शाळेत मी मुलांना शिकवते की आपल्या गावापासून समुद्र शंभर किलोमीटर दूर गेला. तो एका दिवसात नाही गेला. त्या वेळीही वरचे सगळे म्हणायचे, थांबा, येईल परत. तुझं पत्र वाचताना मला तेच आठवत होतं. डॉक्टरीण म्हणते हिवाळ्यापर्यंत, आणि तू म्हणतोस शरदानंतर. तुला दिनदर्शिका कळते का रे?

तुला काय वाटतं, आईला मालिका बघायच्यात? चॅनेल घालायचेत चुलीत. तिला एक माणूस बघायचाय, बारा सेकंद. रोज संध्याकाळी ती बाबांच्या त्या जुन्या डबा टीव्हीसमोर बसते, कॅसेट लावते, मान वाकडी करून बघते आणि म्हणते, "बारीक आहे गं, पळतोय." मग मी मागे फिरवते. परत बारीक, परत पळतोय. माझ्या डोक्यात त्या यंत्राची घरघर बसली आहे.

आणि तुझं हे थांबणं नवीन नाही. बाबांच्या वेळी डॉक्टर म्हणाले रविवारपर्यंत आहेत, तर तू शुक्रवारपर्यंत दुकानात थांबलास. ते गेले बुधवारी. माती देताना मुलाची मूठ म्हणून कुणी पुढे यावं याची सगळे वाट बघत उभे होते. शेवटी ती मूठ माझ्या नवऱ्यानं टाकली. वर्षाच्या जेवणाला तू आलास, दोन दिवस राहिलास, ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन गेलास, आणि त्यानंतर चार वर्षं तुझं तोंड दिसलं नाही.

हे लिहायचं नव्हतं. लिहून झालं. आता खोडत नाही.

टीव्ही पाठवणार आहेस की नाही, एवढंच लिही. हो किंवा नाही.

ऊलझान

---

अल्माटी, १७ एप्रिल

ताई,

मातीचं लिहिलंस ते खरं आहे.

आईचे कागद दाखवले. इथला डॉक्टरही तेच म्हणाला.

टीव्ही पाठवत नाही. चिकटपणा म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पैशाचा प्रश्न नाही. दुसरं काहीतरी करू. टीव्हीसमोर लावायचं मोठं भिंग मिळतं, ते पाठवतो. तिला जाड अक्षरांचा फोन पाठवतो. बाबांचे फोटो मोठे करून पाठवतो. पण कॅसेट त्या जुन्या टीव्हीवरच बघू दे. तो खराब झाला तर मला कळव, इथून सुटे भाग पाठवीन. त्याला जपा.

रागावू नकोस.

मारलेन

---

आराल, ६ मे

मारलेन,

घेतला!

तुझं भिंग पोचलं. त्यातून आई समोसे बघते, आत मांस आहे की नुसता कांदा. त्याचा तेवढा उपयोग झाला.

बालताबेक बोटीची नवी मोटर घेणार होता, दोन वर्षं त्यानं त्यासाठी जमवलं होतं. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो अंगणात जाऊन जुनी मोटर उघडून बसला. तासाभरानं हात पुसत आला आणि म्हणाला, "अजून एक मोसम ओढेल ही. म्हातारीचे डोळे नाही ओढणार." सख्खा मुलगा हात झटकतो आणि जावई मोटर सोडतो. हे मी तुला टोचायला म्हणूनच लिहिते आहे.

किझिलोर्दाहून टीव्ही आला तेव्हा गल्लीत शाळा सुटल्यासारखी गर्दी झाली. दारातून जाईना, शेवटी दार बिजागऱ्यांतून काढलं. नवी वस्तू पहिल्यांदा बघायला येणाऱ्यानं काहीतरी हातात घेऊन यायचं, म्हणून कुणी साखर आणली, कुणी कापड, तिकडच्या आळीतल्या विहिणीनं जिवंत कोंबडं आणलं. बायकांनी त्याच्यावरून नवरीवरून उधळावी तशी खडीसाखर आणि टॉफ्या उधळल्या. एक टॉफी काचेवर बसली. मी धावत जाऊन बघितलं, पण काही झालं नव्हतं. आई नव्या ओढणीत मधोमध बसली होती आणि जो येईल त्याला सांगत होती, "माझ्या मुलाच्या दुकानात असलेच असतात." तू पाठवला नाहीस हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. तिच्यासाठी.

जुना डबा नुरदौलेत घेऊन गेला. पोरगं माझंच, पण आजोळी आला की त्याचा रुबाब बघावा. दारातच उभं राहून म्हणाला, "आजी, मी तुझा जियेन. मुलीचा मुलगा. तिसरी मागणी शिल्लक आहे माझी." आजोळकडे तीन गोष्टी मागायचा हक्क त्याचा, आणि नाही म्हणायचं नसतं. पहिल्या वेळी सात वर्षांचा असताना त्यानं बाबांचा चाकू मागितला होता, दुसऱ्या वेळी मोटरसायकल. त्यामुळे आम्हा सगळ्यांना धास्ती, की आता नवा मागतो की काय! हसत म्हणाला, "तो जुना दे. उंटांच्या कुरणावर संध्याकाळी करमत नाही." आईनं त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि देऊन टाकला.

आता घोडं एकाच ठिकाणी अडलंय. कॅसेटच्या यंत्राची तीन रंगांची वायर या नव्याला लागत नाही. मागे तसली भोकंच नाहीत. इथल्या दुरुस्तीवाल्याकडे मधली डबी मिळत नाही. ती तेवढी पाठव. एवढं तरी करशील?

ऊलझान

---

अल्माटी, १२ मे

ताई,

जुना टीव्ही द्यायला नको होता. मी लिहिलं होतं जपा म्हणून.

डबी साउलेबरोबर पाठवतो आहे. लावायची सोपी आहे. पिवळी वायर पिवळ्यात.

एक कर. आधी तू एकटी बघ. आई झोपलेली असताना, नाहीतर बाहेर गेलेली असताना. तू बघितल्याशिवाय तिला दाखवू नकोस. का ते विचारू नकोस.

मारलेन

---

आराल, २८ मे

का ते विचारू नकोस म्हणे.

मला वाटलं, कॅसेटमध्ये तुझं काहीतरी असेल. चौदा वर्षांचा होतास, सिगारेट ओढताना दिसत असशील. मी हसले. मी कशाला एकटी बघू? आईनं सकाळीच केस विंचरले होते. चांगलं जाकीट घातलं, आणि बाबांनी आणलेली अंबराची माळ. बालताबेक मासेमारीला न जाता घरी थांबला. शेजारच्या दोघी आल्या. डबी लावली. पिवळी वायर पिवळ्यात.

मारलेन, तो भिंतीएवढा टीव्ही आणि त्यात माझी पाठवण. माणसं नव्हतीच त्यात. नुसते धुरकट ठिपके, कडा खाल्लेले, इकडून तिकडे सरकणारे. माझाच चेहरा मला ओळखू येईना, पांढऱ्या ओढणीवरून कळलं की ही मी. मी आईकडे बघत होते. ती खुर्ची पुढे पुढे ओढत होती. फाटक आलं, मोटार निघाली, कॅमेरा वळला.

बाबांच्या तोंडाच्या जागी चौकोन होते. तपकिरी, राखाडी, मध्येच एक हिरवा.

आईनं मान डावीकडे वाकवून बघितलं, मग उजवीकडे वाकवून. मग मला विचारलं, "हा कोण?"

मी म्हटलं, "आई, बाबा."

"नाही. त्याच्या तोंडावर विटा रचल्यात कुणीतरी." तिनं माळ काढली आणि मांडीवर ठेवली. "माझे डोळे गेले, ऊलझान. डॉक्टरीण हिवाळा म्हणाली होती. आत्ताच गेले."

मी शपथेवर सांगितलं की तुझे डोळे गेले नाहीत, मलाही तसंच दिसतंय. तिला वाटतंय मी समजूत काढते आहे. तीन दिवस झाले, ती जेवायला येते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. टीव्ही लावू देत नाही. त्याच्यावर चादर घातली आहे, मयताच्या घरात आरशावर घालतात तशी. बालताबेक काही बोलत नाही, आणि त्याच्या न बोलण्याचाच मला संताप येतो. त्यानं ओरडावं, माझे मोटरीचे पैसे वाया गेले म्हणावं, काहीतरी म्हणावं!

तुला हे माहीत होतं. पहिल्या पत्रापासून माहीत होतं. चॅनेल, मॉडेल, शरद ऋतू, सगळी बडबड केलीस आणि हे एक वाक्य लिहिलं नाहीस. का?

---

अल्माटी, ५ जून

ताई,

होय, माहीत होतं.

वर्षाच्या जेवणानंतर कॅसेट उतरवून आणली ती मी इथे दुकानातल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवर लावून बघितली. रविवार होता, दुकान बंद. मलाही आईसारखंच वाटलं होतं. म्हटलं, आपल्याकडे इतकी महागडी यंत्रं आहेत, बाबा दिसतील. वाढवत नेला चेहरा. ताई, त्या कॅसेटमध्ये बाबांचा चेहरा नाहीच. उसना कॅमेरा, लांबून घेतलेला, समोर ऊन. चेहऱ्याच्या जागी एकोणीस चौकोन आहेत. मी मोजले. टीव्ही कितीही मोठा आणला तरी वीस होणार नाहीत. जुना डबा लहान असतो, त्याच्या फुगीर काचेवर चौकोन एकमेकांत मिसळतात आणि आपल्याला चेहरा दिसल्यासारखा वाटतो. नवा टीव्ही प्रामाणिक आहे. नाही ते नाहीच दाखवतो.

हे मी आईला कसं लिहिणार होतो? ज्या मुलानं बापाला माती दिली नाही, त्यानंच कळवायचं का, की बापाचा हलताचालता चेहरा कुठेच उरलेला नाही? मला वाटलं, थांबा थांबा म्हणत राहिलो तर ती जुन्या डब्यावरच बघत राहील, आणि डोळे जातील तेव्हा निदान तिच्या मनात तो शाबूत असेल. मी तिला टीव्ही नाकारत नव्हतो. पण शब्द सुचले ते दुकानातलेच. दिवसभर लोकांना "आत्ताच घ्या, थांबू नका" सांगतो, तेच उलटं करून तुला लिहिलं.

चूक झाली. तू रागावलीस ते बरोबर, पण तुझ्या रागापेक्षा आईचं "माझे डोळे गेले" मला जास्त लागलं. काल दुकानात एका बाईला टीव्ही दाखवत होतो. त्यात तोच मासा आला. मी रिमोट ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. मालकानं मला घरी पाठवलं.

जुना टीव्ही नुरदौलेतकडून परत आण. आजच आण. त्याला म्हणावं मामा नवा घेऊन देईल. आईला त्यावर दाखव, म्हणजे तिला कळेल की डोळे तिचे गेलेले नाहीत.

मोटरीचे पैसे मी भाऊजींना पाठवतो. ते घेणार नाहीत, पण तू घ्यायला लाव.

मारलेन

---

आराल, २० जून

मारलेन,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. सगळं, चौकोनांसकट. गाळावं असं वाटलं होतं, पण या घरात गाळून सांगितल्यामुळेच इथवर आलो. एकोणीस ऐकल्यावर तिनं विचारलं, "त्यानं मोजले?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "एकटाच बसला होता का?" मी म्हटलं, "एकटाच होता, रविवार होता." तर म्हणते, "वेडा कुठला."

जुना टीव्ही परत आणायचं काढलं तर माझ्यावरच उखडली. "जियेनला दिलेलं परत मागतात? तुझ्या बापानं दिलेला चाकू उद्या परत मागशील! लोक थुंकतील तोंडावर." नुरदौलेतला कळलं तसा तो स्वतः जीप घेऊन आला, "आजी, मी मागत नाही, मीच आणून देतो." तर त्यालाही नाही. "तुझ्या तिन्ही मागण्या झाल्या, पोरा. आता मी एक मागते. मला तिकडे घेऊन चल."

साठ किलोमीटर वाळू. कॅसेटचं यंत्र आईनं मांडीवर घेतलं होतं, तान्हं मूल घ्यावं तसं. मी दोनदा म्हटलं मागे ठेवू, तिनं ऐकलं नाही. कुरणावरच्या खोलीत उंटाच्या दुधाचा आंबूस वास, भिंतीला खोगिरं आणि कोपऱ्यात आपला डबा. सुनेनं त्यावर लेसचा रुमाल घातला होता.

टीव्ही तापायला वेळ लागला. तिनं काचेवर हात ठेवला आणि चटचट आवाज आला, तुला आठवतो ना तो? आपण लहानपणी मुद्दाम करायचो. ती हसली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसली. खुर्ची बाजूला सरकवून, डोळ्याच्या कडेनं बघता येईल अशी तिरकी बसली.

फाटक. मोटार. कॅमेरा वळला. आणि बाबा होते, मारलेन. बारीक, अंधुक, पण बाबाच. खांदा जरा उचललेला, टोपी मागे सरकलेली.

"हा," आई म्हणाली. "हा तोच."

नुरदौलेतनं मागे फिरवलं. परत लावलं. सहा वेळा बघितलं. मला विचारशील तर हात कपाळाशी आहे, पुसतोय की सावली धरलीय ते मला अजून सांगता येत नाही. आई म्हणाली, "रडत होता. मी उगीच वाद घातला." एकवीस वर्षांचं भांडण आणि वर पाच वर्षं एकटीचं, एका वाक्यात सोडून दिलं. मला इतका राग आला की मी बाहेर गेले. बाबा असताना हे म्हणाली असती तर?

परत आत आले तेव्हा ती सातव्यांदा बघत होती. या वेळी तिनं थांबवायला सांगितलं. जुन्या यंत्रावर थांबवलं की चित्र थरथरतं. त्या थरथरत्या चित्रावर तिनं बोट ठेवलं, बाबांच्या चेहऱ्यावर नाही, खाली.

"बाजूला कोण उभा आहे?"

तू होतास. त्या जाड स्वेटरमध्ये, कान बाहेर आलेले. बाबांचा एक हात कपाळाशी आहे हे आपण सगळ्यांनी हजार वेळा बघितलं. दुसरा तुझ्या डोक्यावर आहे हे कुणी बघितलंच नव्हतं. आणि तू मोटारीकडे बघत नाहीयेस. तू बाबांकडे बघतोयस. त्यांनी खरं काय केलं ते एकट्या तुला माहीत आहे.

आई बराच वेळ बोट तसंच धरून बसली. मग जे बोलली ते लिहून घे म्हणाली, म्हणून लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे न करता:

"मारलेनला लिही. चेहरा कुठेच उरला नाही म्हणतो. त्यानं आरसा बघितलेला नाही का? तो चाळिसाचा झाला. त्याचा बाप चाळिसाचा होता तेव्हा मी त्याला रोज बघत होते. टीव्ही दर वर्षी नवे निघतील, स्वस्तही होतील. माझ्याकडे दोनच डोळे आहेत आणि ते हिवाळ्यापर्यंतचे. थांबू नको म्हणावं."

मोटरीचे पैसे बालताबेकनं घेतले नाहीत. म्हणतो, येऊन बोटीत बस म्हणावं, जुनी मोटर कशी ओढावी लागते ते कळेल.

ऊलझान

---

अल्माटी स्टेशन, २७ जून

ताई,

गाडी दुपारची आहे. मी सकाळी सातपासून येऊन बसलो आहे. मालकाला सांगितलं, त्यानं कधी परत येणार विचारलं, मी सांगितलं माहीत नाही. त्याला ते आवडलं नाही.

पत्राला पत्रानं उत्तर द्यायची सवय लागली, म्हणून लिहितोय. आत्ताच साउले फलाटावर भेटली आणि पत्रासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, आज नको, आज मीच घेऊन चाललोय. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "चार वर्षं मासे मीच वाहिले तुझे." आता तिच्याच डब्यात खालचा बर्थ आहे, रस्ताभर टोमणे खाणार.

बाबा रडत होते. त्यांनी माझी टोपी काढून त्या टोपीनंच डोळे पुसले होते, आणि मग ती परत माझ्या डोक्यावर ठेवली, ओली. मी कुणाला सांगू नये म्हणून हात तसाच दाबून धरला होता. मी सांगितलं नाही. आईला हे मी स्वतः सांगेन, तू आधी सांगू नकोस.

स्टेशनवर उतरलो की डाव्या हाताला कबरस्तान आहे आणि उजव्या हाताला घर. इतकी वर्षं मनात ठरवून ठेवलं होतं की कधी आलो तर आधी डावीकडे जायचं, मूठभर माती टाकायची, मगच कुणाला तोंड दाखवायचं. आता तसं करत नाही. आधी आईकडे येतो. माती थांबेल.

मारलेन